बंद शॉवेल ओढण्याआधी

खाणीत बंद पडलेलं शॉवेल (लोखंडी चेनवर चालणारं मोठं खोदायचं मशिन) हलवायला 'दोन डोझर जोडा, वायर रोप बांधा आणि ओढा' असं एकांनी लिहिलंय. तसं करू नका हो. इंजिन बंद पडलं की तेलाचा दाब जातो आणि पार्किंग ब्रेक स्प्रिंगने आपोआप आवळला जातो. तसंच ओढलंत तर फायनल ड्राइव्ह (चेन फिरवणारी गिअरपेटी) गेलाच समजा. म्हणून चेनला ठोकळे लावून, मॅन्युअल बघून आधी ड्राइव्ह सोडवायचा. पण तो सुटला की मशिनला ब्रेकच उरत नाही! उतारावर मागे धरायला दुसरं मशिन हवंच.

रोप ट्रॅक फ्रेमला (चेन जिच्याभोवती फिरते त्या चौकटीला) गुंडाळायचा, धारेवर लाकडाची फळी देऊन. फ्रेमवर रोप अडकवायला जे भोक दिसतं ते हलकं सामान ओढायला असतं, अख्खं शॉवेल नाही. चंद्रपूरकडे असताना फळीविना बांधलेला रोप तुटताना पाहिलाय; डोझरच्या मागची जाळी पार आत गेली. हेल्पर चहाला गेला होता म्हणून वाचला.

चालू मशिन लांब न्यायचं असेल तर फिनलंडच्या स्लाइपनर कंपनीची पद्धत बघा: चेनची मागची टोकं चाकांच्या गाड्यांवर, बकेट डंपरच्या हौद्यात, आणि ओढतो डंपर. त्यामुळे चेनवरचे रोलर तापत नाहीत. शेजारच्या बेंचवर (खाणीतल्या पायरीवर) जायला मात्र एवढा खटाटोप कशाला?