घरी बीट जुळते, लॉनवर काऊन सुटते?

नवा_डेक
भाऊ लोक, सात-आठ महिन्यांपासून दोन डेकच्या (दोन गाणी एकाच वेळी चालवता येणाऱ्या) साध्या डीजे कंट्रोलरवर शिकून राहिलो, लॅपटॉपवर व्हर्च्युअल डीजे आहे. घरी सिंक (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं बटण) दाबलं की सगळं बसते. मागच्या रविवारी कोराडी रोडच्या एका लॉनवर मामेभावाच्या हळदीत वाजवलं. जुन्या हिंदी गाण्यावरून पंजाबी ढोलवर जायचं होतं, दोन्हीकडे बीपीएम (मिनिटाला ठोके) १०४ दाखवत होतं, सिंकही चालू, तरी अर्ध्या मिनिटात घोडा दौडल्यासारखं टपक-टपक व्हायला लागलं अन् नाचणारी पोरं थांबली. सिंक काढून हाताने करायला गेलो तर अजूनच बिघडलं, हेडफोनमध्ये बसलेलं वाटे आणि फेडर (आवाजाची सरकपट्टी) उघडला की मागंपुढं. मामा काही बोलले नाहीत पण लय वाईट वाटलं. कानाने जुळवायला शिकायचं आहे, सुरुवात कुठून करू?

वर्धा_रोडवाला
भाऊ, तुझ्यासोबत दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. जुनी गाणी माणसांनी बसून वाजवलेली आहेत, कॉम्प्युटरच्या ठोक्यावर नाही, त्यामुळे अंतऱ्यात लय जराशी चढते, मुखड्यावर येताना उतरते. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा त्या गाण्यावर एकच सरळ बीटग्रिड (सारख्या अंतरावरच्या ठोक्यांच्या रेघा) मारते, आणि सिंक जुळवते ती ग्रिड, गाणं नाही. वेव्हफॉर्म (स्क्रीनवरचा आवाजाचा आलेख) मोठा करून पाहा, सुरुवातीला ठेका रेघेवर दिसेल आणि तिसऱ्या मिनिटाला सरकलेला. असं गाणं घरीच तपासून ग्रिड जागोजागी दुरुस्त करून ठेव. ऐनवेळी वेळ नसला तर शेवटी ४ ठोक्यांचा लूप धर (तेवढाच तुकडा फिरत राहते), लूपची लय हलत नाही, त्यावरून ढोल आत घे.

दुसरी गोष्ट लॉनची. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, स्पीकर तुझ्यापासून १७ मीटरवर असला तर तुझ्या कानाला ५० मिलिसेकंद उशिरा येते. १०४ ला एक ठोका साधारण ५७७ मिलिसेकंदांचा, म्हणजे बाराव्या हिश्शाएवढा फरक, तो सरळ ऐकू येते. तू नव्या गाण्याला त्या उशिराच्या आवाजाशी जुळवलं म्हणून फेडर उघडल्यावर सुटलं. एक मॉनिटर स्पीकर टेबलाजवळ लावून घे, किंवा हेडफोनचा क्यू-मास्टर नॉब (येणारं गाणं आणि बाहेर वाजणारं गाणं यांचा तोल ठरवणारा) मधात ठेवून दोन्ही गाणी हेडफोनमध्येच ऐक. आणि ब्लूटूथ हेडफोन तर बिलकुल नको, त्यात स्वतःचाच उशीर असते.

ढोलकी_महाल
मी आधी ढोलकीवाला, मग डीजे, तर कानाचं सांगतो. एकच गाणं दोन्ही डेकवर टाक, स्क्रीनवरच्या बीपीएमच्या आकड्यावर कागद चिकटव, घरच्या कोणालातरी एका डेकचा पिच (गाण्याचा वेग) थोडा हलवायला सांग आणि तू कानाने परत आण. गाणं ओळखीचं असल्यामुळे लक्ष फक्त ठोक्यावर राहते. हिशोब सोपा आहे, १ बीपीएमचा फरक असला तर एका मिनिटात पूर्ण एक ठोका सुटते, अर्ध्याचा असला तर अर्धा. म्हणजे किती वेळ टिकते यावरूनच फरक केवढा ते समजते.

नवं गाणं मागं पडून राहिलं तर जॉग (डेकवरची गोल चकती) पुढं ढकल, पण कडेला धरून, वरून हात लावला तर बऱ्याच कंट्रोलरवर गाणंच थांबते. दोन-तीनदा त्याच बाजूला ढकलावं लागलं तर जॉग सोड अन् पिच फेडर केसभर हलव, लय कमी आहे त्याची. आणि पुढं आहे का मागं हेच समजत नसेल (सुरुवातीला सगळ्यांचंच होते) तर एका बाजूला ढकलून पाहा, बिघडलं तर दुसरीकडे.

अजून एक, समेवर सम (तालाची पहिली मात्रा) पाहिजे. ८ मात्रांचा केरवा ढोलवर बसते, ६ मात्रांचा दादरा आकडे सारखे असले तरी नाही बसत. तिथं मिक्स करूच नको, गाणं संपव अन् नवं सुरू कर.

नवा_डेक
दोघांचेही खूप आभार. आज कागद लावून तासभर बसलो, बहीण पिच हलवत होती. दहापैकी चारदा जमलं. ९६ वरून १०४ वर न्यायचं असलं तर आवाज चिरका होणार नाही का?

वर्धा_रोडवाला
ते ८ टक्क्यांच्या वर गेलं भाऊ. की-लॉक चालू केलं की सूर चढत नाही, पण एवढं ताणलं की गळा खरखरते. मधात ९९-१००चं एक गाणं टाक, दोन पायऱ्यांत चढ.