माहिती अधिकाराचा अर्ज आधी टाकायचा की आधी जाऊन रजिस्टर बघायचं?

कॉलेजरोडकर
आमचं गाव म्हणजे खान्देशातलं कॉलेजचं गाव, नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर चर्चा गावावरच घसरते. जूनमध्ये पोरं येतात, खोल्या भरतात, मेसवाल्या मावशीकडे शेवभाजीला गर्दी होते आणि नेमका त्याच वेळी कॉलेजकडे जाणारा रस्ता उखडतो, दरवर्षी. यंदा आमच्या कट्ट्यावरच्या चौघांनी ठरवलं की पालिकेला माहिती अधिकारात धरायचं. अर्ज मला वाचायला दिला, फुलस्केपची साडेतीन पानं. "रस्ता निकृष्ट का झाला, जबाबदार कोण, कारवाई का केली नाही..." अरे भो, हा अर्ज आहे का भांडण? जे कागदावर आहे तेच कायदा मिळवून देतो, "का"चं उत्तर नवीन लिहून द्यायला कोणी बांधील नाही. शिवाय आपल्या राज्याच्या नियमात २०१२ पासून एका अर्जाला एकच विषय आणि साधारण १५० शब्द, त्यामुळे हे साडेतीन पानी पुराण पहिल्याच टेबलावर आडवं होणार.

माझं म्हणणं असं की आधी अर्ज टाकायची घाईच चूक. २६ नोव्हेंबर २०१८चा शासन निर्णय, म्हणजे जीआर आहे, जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि पालिका, झेडपी वगैरे ठिकाणी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ लोकांनी जाऊन रेकॉर्ड बघायचं, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही, सोमवारी सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस. जा, बसा, अंदाजपत्रक बघा, वर्क ऑर्डर बघा आणि मुख्य म्हणजे एमबी बघा. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक, किती लांब, किती रुंद, किती जाडीचा थर टाकला ते इंजिनियर त्यात लिहितो आणि त्यावरच ठेकेदाराचं बिल निघतं. ते पान बघितल्याशिवाय रस्त्यावर बोलण्यात अर्थ नाही. आपण काय मागतोय तेच आपल्याला माहीत नसतं आणि मग बोंबलतो की माहिती देत नाहीत.

पोच_पाहिजे
दादा शासन निर्णय छान आहे, फ्रेम करून लावा. मी गेलो ना अशाच एका कार्यालयात, नाव घेत नाही, पहिल्या सोमवारी "साहेब मीटिंगला गेले", दुसऱ्या सोमवारी "असा काही जीआर आमच्याकडे आलेला नाही", तिसऱ्या सोमवारी मी जीआरची प्रिंट नेली तर शिपाई म्हणतो आज लाइट नाही. लाइट नाही म्हणून कागद दिसत नाही, दुपारी तीन वाजता, जळगाव जिल्ह्यातल्या मे महिन्यात! तीन सोमवार गेले आणि माझ्या हातात काय, तर काही नाही. मी गेलो होतो याचाही पुरावा नाही.

अर्जाचं तसं नसतं. नमुना 'अ' म्हणजे अर्जाचा ठरलेला फॉर्म, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आवक शिक्का मारून पोच घेतली की ३० दिवसांचं घड्याळ सुरू. वेळेत दिलं नाही तर पुढे माहिती फुकट द्यावी लागते, नाहीतर पानाला २ रुपये. उगाच अडवलं तर माहिती आयोग माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंड लावू शकतो. तुम्ही गोड बोलून रजिस्टर बघायला जाता तेव्हा यातलं काहीच तुमच्या मागे उभं नसतं. सरकारी हापिसात तोंडी विनंतीची किंमत चहाच्या कपाएवढी, तो पण आपणच पाजायचा.

टेबलामागून
मी एका पालिकेत क्लार्क आहे, कुठल्या ते विचारू नका. दोघांचं वाचलं. जन्म-मृत्यूचे दाखले, विवाह नोंदणी, आवक-जावक आणि वर माहिती अधिकार, हे सगळं एकाच टेबलावर आहे, माझ्या. त्यात अर्ज येतो, "मागील दहा वर्षांतील सर्व प्रभागांतील सर्व कामांच्या सर्व कागदपत्रांच्या सत्यप्रती". सर्व, सर्व, सर्व. सत्यप्रती मोजून, फी कळवून तयार ठेवल्या की अर्जदार न्यायला येतच नाही. का, तर मधल्या काळात ठेकेदाराबरोबर एका टेबलावर बसून भरीत-पुरी झालेली असते. आमच्याकडे अर्ज वाचून कळतं की हा माहितीसाठी आहे की वसुलीसाठी. असल्यांमुळे खरा माणूस आला तरी आमच्या कपाळावर आठी येते, हे चुकीचं आहे मान्य, पण येते.

पोच_पाहिजे
@टेबलामागून मग वसुलीवाल्यावर गुन्हा दाखल करा ना, आमच्यावर आठी कशाला? कलम ६(२) स्पष्ट सांगतं की माहिती कशाला पाहिजे ते विचारायचंच नाही. आणि कलम ४ प्रमाणे १७ मुद्द्यांची माहिती तुम्हीच आपणहून जाहीर करायची, कायदा २००५चा आहे, अजून कित्येक वेबसाइटींवर त्या पानावर बदली होऊन गेलेल्या साहेबाचं नाव. अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, बिल एवढं जरी दर महिन्याला टाकलं तर निम्मे अर्ज येणारच नाहीत, टेबल रिकामं होईल तुमचं.

टेबलामागून
स्कॅनर मागितला आहे. तीन वर्षं झाली. त्याचाही माहिती अधिकार टाका, मीच तिकीट आणून देतो.

वसतिगृह_खोली_१४
तुमच्या रस्त्याच्या मध्ये बोलते म्हणून सॉरी पण कोणाला माहीत असेल तर सांगा. मी शहाद्याकडची, इथे बीएस्सीला, एसटी म्हणजे अनुसूचित जमातीतून. जात पडताळणीला आजोबा-पणजोबांचा १९५० पूर्वीचा पुरावा मागताहेत. तहसीलला जा म्हणतात, तिथे गेलं की पालिकेत जा, पालिका म्हणते तुमचं खेडं आमच्यात येत नाही. मी पण माहिती अधिकार टाकू का?

निवृत्त_सर्कल
पोरी, टाकू नकोस अजून. कागदाचं नाव माहीत नसलं की असंच फिरवतात. तुला लागतं ते गाव नमुना १४, लोक कोतवाल बुक म्हणतात, खेड्यातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला त्या नावाने नकलेचा अर्ज कर, गाव आणि अंदाजे सालं घालून. आता मेख ऐक, त्यात बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, "अमक्यास मुलगा झाला" एवढंच, पुढे जातीचा रकाना. त्यामुळे पणजोबा शोधायचे असतील तर पणजोबांच्या बापाचं नाव घेऊन जा, घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून. मी नोकरीत असताना हे रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडलेत, वरचं लाल फडकं सोडलं की आधी धूळ उडते, मग पानाचा कोपरा हातात राहतो. थुंकी लावून पान उलटू नकोस. बरीच जुनी पानं मोडी लिपीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायला निघाले तेव्हा मोडी वाचणारी माणसं हुडकत फिरावं लागलं सगळ्यांना. धुळ्यात राजवाडे मंडळ आहे, मोडी कागदांचं माहेरच ते, तिथे चौकशी केलीस तर वाचणारा सापडेल.

त्याच्याआधी सोपी गोष्ट कर. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेचं जनरल रजिस्टर बघ, दाखल-खारीजचं, त्यात जात आणि जन्मतारीख दोन्ही असते. तारीख लक्षात ठेव, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७, त्याच्या आधीच्या नोंदीला वजन. आणि नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला झाला, त्याआधी तुमचं शहादं धुळ्यात. १९०६च्या आधी तर पूर्व-पश्चिम असं काही नव्हतंच, अख्खा खान्देश एक जिल्हा आणि मुख्य ठाणं धुळं. तेव्हा नंदुरबारला "नाही" म्हटले की घरी जाऊ नकोस, धुळ्याची बस पकड.

कॉलेजरोडकर
बघा, आबांनी माझंच म्हणणं सांगितलं. नाव घेऊन मागा.

पोच_पाहिजे
आबांनी नकलेचा *अर्ज* कर म्हटलं आहे, नीट वाच भो.

तापीकाठ
मला वेगळंच खटकतंय. सगळे धरून चाललेत की जेवढं उघडं तेवढं चांगलं. मी अनुदानित कॉलेजात ऑफिसला आहे. २०१९ला डीएव्ही कॉलेजच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्थाही या कायद्यात येतात. बरोबरच आहे, पगार सरकारचा तर हिशोब लोकांना. पण आमच्याकडे एकाने काय मागावं, तर मुलींच्या वसतिगृहाची यादी, नाव, गाव, मोबाइल नंबरसकट! "सार्वजनिक संस्था आहे, द्यावंच लागेल." नाही दिलं. अपिलात गेला, तिथेही नाही दिलं.

वसतिगृह_खोली_१४
बाप रे. नका देऊ.

पोच_पाहिजे
ती यादी नाकारली ते शंभर टक्के बरोबर, पण जुन्या कलम ८(१)(ञ) मध्येही ती नाकारता येतच होती. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खाजगी माहिती द्यायची नाही, पण मोठं जनहित असेल तर द्यायची, आणि जे विधानसभेला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, असा तोल होता त्यात. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने ते कलम कापून "वैयक्तिक माहिती" एवढंच ठेवलं आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू पण झालं. आता एमबीवर सही कोणाची विचारलं तरी म्हणतील वैयक्तिक आहे. कलम ८(२) मधला जनहिताचा दरवाजा राहिलाय, पण तो ठोठवायचा आपण. वसतिगृहातल्या पोरींची ढाल करून ठेकेदार लपेल, तेव्हा बघा.

तापीकाठ
लपेल कदाचित. पण मला त्या दिवशी त्या माणसासमोर बसायचं होतं, तुम्हाला नाही.

कॉलेजरोडकर
अपडेट. काल सोमवार होता, गेलो, बरोबर ३ वाजता. जीआरची प्रिंट नेली होती (पोच_पाहिजेची आयडिया, मान्य). पाऊण तास बाकावर बसवलं, मग फाइल दिली. अंदाजपत्रक मिळालं, वर्क ऑर्डर मिळाली. अंदाजपत्रकात खडीकरणाचा थर ७५ मिलिमीटर लिहिलाय, मी येताना उखडलेल्या कडेला पट्टी लावली होती, कुठे ४०, कुठे ५०. एमबी मागितली तर म्हणाले ती इंजिनियर साहेबांकडे, साहेब साइटवर. साइट कुठली विचारलं तर हसले. निघताना बाहेर एक पोरगं म्हणे, "काका, तठे काही भेटत नही, उगाच येळ घालवू नका."

पोच_पाहिजे
मग?

कॉलेजरोडकर
मग काय, तिथेच बाहेरच्या टपरीवरून १० रुपयांचं तिकीट घेतलं आणि अर्ज टाकला. वर्क ऑर्डरचा नंबर आणि तारीख घालून त्या कामाच्या एमबीची सत्यप्रत, आणि कलम २ (ञ) प्रमाणे रस्त्याच्या थराचा प्रमाणित नमुना, दोन्ही एकाच कामाचं. नमुना मागता येतो हे तिथल्या साहेबाला पण नवीन होतं, दोनदा वाचलं त्याने.

पोच_पाहिजे
म्हणजे शेवटी अर्जच केलास की!

कॉलेजरोडकर
केला. पण चार ओळींचा. त्यांचा साडेतीन पानांचा होता.

टेबलामागून
पोच घेतली ना?