मदत हवी आहे : शिडाच्या जुन्या होडीचा डेक मऊ झालाय

नमस्कार मंडळी. गोव्याहून आणलेली फायबरची जुनी शिडाची होडी सध्या बेळगावात उद्यमबागला मित्राच्या शेडमध्ये आहे. डोलकाठीच्या बुडाशी पाय दिला की डेक दबतो, नाण्यानं ठोकलं तर बद्द आवाज येतो. म्हणजे फायबरच्या दोन थरांमधलं प्लायवूड कुजलंय. बोल्टांभोवतीचं सीलंट पार वाळलंय, पाणी तिथूनच मुरलं असणार.

वरचा थर कापून प्लाय बदलायचा आहे. इथला फायबरवाला म्हणतो थर चिकटवायला पॉलिएस्टर रेझिन वापरा, स्वस्त पडतं. पण जुन्या फायबरवर इपॉक्सी रेझिनची पकड जास्त चांगली, म्हणून माझं मन तिकडंच. अडचण आहे ती बेळगावच्या पावसाची! या दमट हवेत आतलं लाकूड सुकणार कधी? हॅलोजनचा दिवा लावून कुणी सुकवलंय का, की सरळ दिवाळीनंतरच हात घालू?

आणखी एक. डोलकाठीच्या तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधतात, त्या डेकमधून जातात तिथं गंजाचे डाग आहेत. नव्या पट्ट्या करायला लेथवाल्यांचा इथं तोटा नाही, पण खाऱ्या पाण्याला ३०४ पेक्षा ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील बरं. त्याची सुटी पट्टी कुठं मिळेल? आणि मालवण-वेंगुर्ल्याकडून कुणी मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड) आणला असेल तर दुकान सांगा की.