ग्वाल्हेरात जुनं थिएटर परत सुरू करतोय, प्रोजेक्टर आणि साउंड कसं निवडू?

लष्करचा_पुतण्या (ग्वाल्हेर)
नमस्कार मंडळी. इथल्या लष्कर भागात आजोबांनी बांधलेलं आमचं सिंगल स्क्रीन बरीच वर्षं बंद आहे, आता मी आणि काका मिळून परत चालू करतोय. खुर्च्या ऐसपैस लावल्या तर २४० बसतात, पडदा ३६ फुटी स्कोप (लांबट, रुंद चित्राचा), प्रोजेक्टरच्या बूथपासून ८० फुटांवर. दोन कोटेशनं आलीत, एक जण म्हणतो ४के लेझर (जास्त पिक्सेलचा प्रोजेक्टर) आणि अ‍ॅटमॉस (छतातूनही आवाज येणारा साउंड) घ्याच, दुसरा म्हणतो सेकंडहँड २के झेनॉन (कमी पिक्सेलचा, दिव्यावर चालणारा) घ्या आणि साउंड आहे तोच चालवा. बजेट एकदाच आहे, परत कर्ज काढणं जमणार नाही. पैसा नक्की कुठं घालू? मे महिन्यात इथं ४५ अंश होतं आणि लाइट जाते तेही धरून सांगा.

बूथवाला_इंदूर
दादा, २के-४के नंतर बघू, आधी पडद्यावर उजेड किती पडणार ते काढा. डीसीआयचं, म्हणजे डिजिटल सिनेमाच्या मानकाचं, माप १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं एकक). ३६ फूट रुंद स्कोप म्हणजे उंची १५, झाले ५४० चौरस फूट, गुणिले १४ म्हणजे साडेसात हजार ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप). पण स्कोपला प्रोजेक्टरमधल्या २के चिपच्या १०८० पैकी ८५८ ओळीच वापरात येतात, बाकीचा उजेड वाया, म्हणजे साडेनऊ हजार लागले, वर पोर्ट ग्लास (बूथच्या खिडकीची काच) थोडा खातो आणि मशीन जुनं होईल तसा उजेड उतरतो, तेव्हा १२-१३ हजारच्या खाली जाऊ नका. हा हिशेब साध्या पांढऱ्या पडद्याचा. सिल्व्हर (चंदेरी) पडदा घेतलात तर मधे चकाकेल आणि कडेच्या खुर्च्यांना काळपट दिसेल, ३डी चालवायचं नसेल तर नकोच.

४के चांगलंच, पण तुमच्या पडद्यावर २के चा पिक्सेल ५.४ मिलिमीटरचा होतो, साठेक फुटांच्या मागे बसलेल्याला तो सुटा दिसतच नाही. मी असतो तर २के लेझर घेतलं असतं. झेनॉनचा दिवा हजार-दोन हजार तासांत बदलायला येतो, आणि चालू शोमध्ये लाइट गेली, ब्लोअर थांबला की तापलेल्या दिव्याचे हाल होतात. लेझर निम्म्या उजेडावर यायला वीस-तीस हजार तास. बूथला एसी आणि ऑनलाइन यूपीएस मात्र पाहिजेच, आणि धूळ! लू सुरू झाली की मी दर सोमवारी फिल्टर काढून त्याच्यामागे टॉर्च धरतो, उजेड आरपार आला नाही की लगेच साफ करतो.

सेकंडहँड सर्व्हरचं (पिक्चर साठवून चालवणारं मशीन) फार जपून. त्याच्या मीडिया ब्लॉकमध्ये (पिक्चर उलगडणाऱ्या कार्डात) बॅटरी असते, ती संपली की आतलं सर्टिफिकेट जातं आणि केडीएम (पिक्चर उघडायची डिजिटल किल्ली) उघडत नाही. ओळखीच्या एका मालकानं गोडाऊनमध्ये पडलेला घेतला, शुक्रवारचा पहिला शो रद्द करून लोकांना पैसे परत द्यावे लागले, फार वाईट वाटलं.

दांडियाबाजार_बडोदा
वरच्या भाऊंशी सहमत, चित्राचं त्यांनी सगळं सांगितलं. मी साउंडचं काम करतो म्हणून कळकळीनं सांगतो, वाचलेला पैसा आधी भिंतीवर घाला, मग स्पीकरवर. रिकाम्या हॉलमध्ये पडद्यापाशी उभं राहून एक टाळी वाजवा. आवाज ८० फूट जाऊन परत यायला सेकंदाचा सातवा भाग लागतो, मागची भिंत उघड्या सिमेंटची असेल तर दुसरी टाळी वेगळी ऐकू येते, आणि प्रत्येक डायलॉगचं तेच होतं, एका शब्दावर दुसरा चढतो. मग ऑपरेटर फेडर (आवाज कमी-जास्त करायचं बटण) ७ वरून ४ वर आणतो कारण लोक ओरडतात, आणि डायलॉग आणखी बुडतात. मागच्या भिंतीला जाड ग्लासवूल, वर कापड, बाजूंनाही. पडद्यामागचे तीन स्पीकर नवे घ्या, त्यातही सेंटरवर काटकसर नको, कारण बोलणं जवळजवळ सगळं तिथूनच येतं. त्याचा हॉर्न (भोंग्यासारखा वरचा भाग) पडद्याच्या दोनतृतीयांश उंचीवर. शेवटी पिंक नॉइज (तपासणीचा एकसारखा खरखराट) लावून फेडर ७ वर समोरचा प्रत्येक चॅनल ८५ डीबीला बसवून घ्या. २४० खुर्च्यांना ७.१ (सात चॅनल आणि एक बेसचा) भरपूर आहे, अ‍ॅटमॉससाठी छतात नुसता पाइप टाकून ठेवा.

मुरारची_ताई
मला तांत्रिक काही कळत नाही, प्रेक्षक म्हणून लिहिते. आईला कमी ऐकू येतं पण पिक्चरची भारी आवड. मागच्या वेळी एका हॉलमध्ये ती सारखी "काय म्हणाला गं तो?" विचारत होती, नुसता धडाम धडाम आवाज, शब्द एक नाही, शेवटी इंटरव्हललाच घरी आलो. तेवढं बघा दादा.

लष्करचा_पुतण्या (ग्वाल्हेर)
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री काकांनी पडद्याकडे तोंड करून टाळी वाजवली आणि वळून म्हणाले, मागे कोण आहे रे? ग्लासवूलवाला उद्या मापं घ्यायला येतोय, प्रोजेक्टरचं कोटेशन २के लेझरचं नव्यानं मागवलंय. ताई, पहिल्या शोला आईंना नक्की आणा, मधल्या रांगेत दोन खुर्च्या तुमच्या.