पणजोबांची १९०८ सालची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती : मूळ नोंद कोठे तपासावी?

गोदाकाठचा (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार.

नाशिकमधील आमच्या जुन्या शाळेच्या सभागृहात गुणवंत विद्यार्थ्यांचा एक लाकडी फलक आहे. त्यावर '१९०८, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती' या ओळीपुढे माझ्या पणजोबांचे नाव आहे. शाळेची स्मरणिका निघणार असून जुन्या गुणवंतांची यादी तपासून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आपल्याच घरातल्या नावाची शहानिशा आधी करावी, म्हणजे इतरांकडे पुरावा मागताना संकोच वाटणार नाही, असा विचार करून सुरुवात त्यांच्यापासून केली आणि तेथेच अडलो.

शाळेचे त्या काळातील जनरल रजिस्टर १९६९ च्या महापुरात भिजले. जी पाने वाचली ती एकमेकांना चिकटलेली आहेत. फलक त्यानंतर किमान दोनदा रंगवला गेला, आणि रंगाऱ्याने जुनी अक्षरे गिरवली की कोणी सांगितली तशी लिहिली, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. घरात एकच वस्तू आहे : बक्षीस म्हणून मिळालेला संस्कृत कोश. त्याच्या आतल्या लेबलावर नाव वाचता येते, पण सालाचा कोपरा फाटला आहे. 'संस्कृतात ते अख्ख्या इलाख्यात पहिले आले होते' असे आजी सांगत असे. पुण्याच्या कॉलेजात ते जेमतेम वर्षभर राहिले आणि वडील वारल्यामुळे परत येऊन कचेरीत नोकरीला लागले, एवढे मात्र घरात सर्वांना ठाऊक आहे.

नाशिकची महाविद्यालये पुणे विद्यापीठाखाली येतात, म्हणून एका परिचितांनी तेथे अर्ज करण्यास सुचवले आहे. हे योग्य होईल का? आणि शिष्यवृत्तीची 'मूळ नोंद' म्हणजे नेमका कोणता कागद समजायचा?

दप्तरखाना_३५

मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात पस्तीस वर्षे काढली आणि त्यातील बराच काळ अभिलेख कक्षात गेला, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट, पुण्याला अर्ज करू नका. पुणे विद्यापीठ १९४९ साली अस्तित्वात आले. १९०८ च्या सुमारास सिंधपासून कर्नाटकापर्यंतच्या सगळ्या शाळांची मॅट्रिक मुंबई विद्यापीठच घेत असे. शालान्त परीक्षा मंडळाची पहिली एस.एस.सी. १९४९ ची, त्यामुळे मंडळाच्या नाशिक विभागीय कार्यालयाचाही येथे संबंध येत नाही. ही शिष्यवृत्ती पुढे शालान्त परीक्षेवर दिली जाऊ लागली, म्हणून लोक मंडळाकडे धाव घेतात आणि 'नोंद नाही' असे उत्तर घेऊन परततात. ते उत्तर खरेच असते, पण नोंद नाही म्हणजे शिष्यवृत्ती नव्हती, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता 'मूळ नोंद' या शब्दाविषयी. येथेच बहुतेकांची गफलत होते, कारण एका शिष्यवृत्तीचे कागद तीन ठिकाणी तयार होतात आणि ते तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिला कागद परीक्षेचा, म्हणजे त्या विषयातील गुणांचा क्रम. शंकरशेट शिष्यवृत्ती संस्कृतातील गुणांवर मिळे, एकूण गुणांवर नव्हे, हे येथे ध्यानात ठेवा. एकंदर गुणवत्तेत पहिल्या पन्नासात नाव नाही म्हणून ही नोंद खोटी ठरत नाही. दुसरा कागद बहालीचा : विद्यापीठाने अमुक विद्यार्थ्याला अमुक शिष्यवृत्ती दिली, याची नोंद. तिसरा कागद रकमेचा. मॅट्रिकवर मिळणारी शिष्यवृत्ती ही पुढे कॉलेजात शिकण्यासाठी असे, त्यामुळे विद्यार्थ्याने नाव घातले आहे, टर्म भरली आहे आणि प्रगती समाधानकारक आहे, असे कॉलेजने कळवल्यावरच पैसे सुटत. म्हणून 'मिळाली' आणि 'उचलली' यांत अंतर पडते. तुमचे पणजोबा वर्षभरात परतले असतील, तर बहालीच्या यादीत त्यांचे नाव पूर्ण मानाने असेल आणि रकमेच्या नोंदीत ते मध्येच थांबलेले दिसेल. दोन्ही कागद खरे आहेत.

यांतील टिकतो कोणता, हेही सांगतो. आपल्याकडील कार्यालयांत कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षे, 'क' त्याहून कमी काळ आणि 'ड' वर्षभराचा. देणगीचा दस्तऐवज, नियम आणि गुणवंतांच्या याद्या सहसा 'अ' मध्ये जातात, तर पावत्या, बिले आणि पैसे दिल्याच्या सह्यांची पुस्तके लेखापरीक्षण उरकले की काही वर्षांत रद्दीत निघतात. पणजोबांची सही असलेली पावती मिळेल अशी आशा धरून मुंबईला जाऊ नका. मी स्वतः अशी पुस्तके पोत्यांत भरून पाठवली आहेत, आणि आज ते आठवले की बरे वाटत नाही.

पोथीशाळा

दप्तरखाना यांनी सांगितलेला बहालीचा कागद पाहण्यासाठी बहुधा तुम्हाला घराबाहेरही पडावे लागणार नाही. मुंबई विद्यापीठ दरवर्षी 'कॅलेंडर' नावाचा जाडजूड ग्रंथ छापत असे. त्यात नियम, परीक्षांचा अभ्यासक्रम, पदवीधरांच्या याद्या आणि प्रत्येक देणगीची हकीकत असे : देणाऱ्याचे पत्र, विद्यापीठाने ठरवलेल्या अटी आणि त्याखाली शिष्यवृत्तीधारकांची वर्षवार यादी. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट १८६५ साली वारले आणि त्यांच्या स्मरणार्थ ही शिष्यवृत्ती सुरू झाली, त्यामुळे ही यादी पार मागे जाते. अनेक वर्षांची कॅलेंडरे स्कॅन होऊन आंतरजालावर मोफत उपलब्ध आहेत.

शोधताना मात्र तीन ठिकाणी ठेच लागते.

नावाचे स्पेलिंग हा पहिला खडा. त्या काळच्या इंग्रजीत नानांचे नाव 'जुगोन्नाथ संकरसेट' असा उच्चार व्हावा अशा रीतीने छापलेले आढळते. आजच्या स्पेलिंगने शोध घेतला तर संगणक काहीच दाखवत नाही आणि आपण समजतो की पुस्तकात ते नाहीच. नाशिकच्या स्पेलिंगात 'एस' पुढचा 'एच' नसे. आडनावांचे तर विचारूच नका. शोधयंत्रावर विसंबण्यापेक्षा अनुक्रमणिका पाहून ते प्रकरण काढावे आणि पाने डोळ्यांनी वाचावीत.

दुसरी अडचण सालाची आहे, आणि तुमच्या फलकाच्या बाबतीत मला तिचाच दाट संशय येतो. त्या काळी मॅट्रिक वर्षअखेरीस होई. परीक्षा एका सालातली, शिष्यवृत्तीचे पैसे दुसऱ्या सालात सुरू होणारे आणि कॅलेंडरवर दोन्ही साले जोडून छापलेली. शाळा ज्या वर्षी बातमी कळली ते साल लिहीत, विद्यापीठ परीक्षेचे साल लिही. तेव्हा १९०८ मध्ये नाव दिसले नाही, तर १९०७ ची ओळ पाहिल्याशिवाय पुस्तक मिटू नका.

तिसरी गोष्ट 'पहिले' या शब्दाची. या नावाने एका वर्षी एकाहून अधिक शिष्यवृत्त्या दिल्या जात. पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आले आणि त्यांना 'पहिली' शंकरशेट मिळाली असे आवर्जून लिहिले जाते, ते याच कारणाने. घरोघरच्या आठवणींतून तो क्रमांक हमखास गळतो किंवा सुधारला जातो.

रकमेविषयी लिहिणार असाल तर त्याच वर्षाच्या कॅलेंडरमधील अटी उद्धृत कराव्यात, आधीच्या किंवा नंतरच्या नव्हे. अशा देणग्यांचे मुद्दल सरकारी रोख्यांत गुंतवलेले असे आणि व्याजातून शिष्यवृत्ती निघे. १८९४ साली सरकारने चार टक्क्यांचे रोखे साडेतीन टक्क्यांवर आणल्यावर असल्या अनेक निधींचे उत्पन्न आठव्या हिश्श्याने घटले. 'महिना इतके रुपये' असा जो आकडा घरात सांगितला जातो तो कोणत्या काळचा आहे, हे त्यामुळे तपासून घ्यावे लागते.

रविवार_कारंजा

नाशिकमधल्या निम्म्या जुन्या घरांत एखादे तरी शंकरशेट स्कॉलर निघतात, असे माझे वडील म्हणत. आमच्याही घरात एक होते. वरच्या पद्धतीने मी मागे शोध घेतला, तेव्हा ते संस्कृतात शाळेत पहिले आलेले निघाले. शिष्यवृत्ती शाळेनेच दिलेली होती आणि नाव मात्र नानांचे चिकटले होते. तुमच्या कोशावरील लेबलाकडे पुन्हा एकदा नीट पाहा. त्यावर विद्यापीठाची मुद्रा आहे की शाळेची?

अर्जदार_नाशिक

छापील यादीत नाव मिळाले तरी स्मरणिकेसाठी अधिकृत उतारा हवा असल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे पणजोबांचा इतिहास त्यात लिहू नये. परीक्षेचे साल, यादीचे नाव आणि 'प्रमाणित प्रत द्यावी' एवढे पुरते. दहा रुपये शुल्क, प्रतीचे पानामागे दोन रुपये आणि उत्तरासाठी तीस दिवस. माहिती वैयक्तिक आहे असे कोणी म्हटल्यास कलम ८(३) कडे लक्ष वेधावे. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांना तो अडसर लागू होत नाही. 'अभिलेख उपलब्ध नाही' असे उत्तर आल्यास तो केव्हा आणि कोणाच्या आदेशाने नष्ट केला, त्या नोंदीची प्रत दुसऱ्या अर्जात मागावी. पुष्कळदा या दुसऱ्या अर्जानंतर पहिला कागद सापडतो.

देणगीसंबंधीचा सरकारी पत्रव्यवहार पाहायचा असेल, तर मुंबईच्या पुराभिलेख कार्यालयात शिक्षण खात्याचे खंड आहेत. ते कार्यालय एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. मात्र एका नावासाठी तेथे जाणे म्हणजे विहीर शोधायला समुद्रावर जाण्यासारखे आहे.

गोदाकाठचा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीन रात्री कॅलेंडरे चाळली आणि नाव सापडले. ते १९०७ च्या परीक्षेच्या ओळीत आहे आणि त्या वर्षीच्या नावांत दुसरे आहे. आडनावात एक अक्षर जास्त छापलेले असल्यामुळे शोधयंत्राने ते कधीच दाखवले नसते; पोथीशाळा यांनी सांगितल्याप्रमाणे पान डोळ्यांनी वाचले, म्हणूनच हाती लागले. कोशावरील लेबल भिंगाखाली पाहिले. मुद्रा शाळेचीच आहे. म्हणजे कोश हे शाळेचे बक्षीस आणि शिष्यवृत्ती विद्यापीठाची. घरात दोहोंची एकच गोष्ट झाली होती.

आजीच्या 'पहिले' या शब्दाचे काय करायचे, यावरून काल घरात बराच वाद झाला. फलकावर आहे ते राहू द्यावे, शंभर वर्षांनी दुसरा क्रमांक शोधून कोणाचे भले होणार आहे, असे थोरल्या काकांचे म्हणणे पडले. त्यांचा राग मला समजतो. तरीही स्मरणिकेत 'नोव्हेंबर १९०७ च्या मॅट्रिकवर' असे लिहिण्याचा माझा विचार होता. पण यादीत महिना दिलेला नाही, म्हणून 'नोव्हेंबर' काढून फक्त साल ठेवले आहे, आणि क्रमांक दुसरा असाच छापणार आहे. पुण्याच्या कॉलेजाला टर्मच्या नोंदीसाठी पत्र पाठवले आहे. रक्कम किती महिने उचलली ते तेथून कळले तर याच धाग्यावर लिहीन. फलकावरील उरलेल्या एकवीस नावांपैकी सहा नावे आतापर्यंत यादीशी जुळली आहेत. एक नाव कोठेच जुळत नाही, आणि ते नेमके थोरल्या काकांच्या सासऱ्यांचे आहे.