मदत हवी आहे: पापणीच्या पंक्चर वूंडचा (टोचल्याच्या जखमेचा) कोड, क्यूएने एरर मारलाय

चार्टग्रस्त
अमेरिकेतल्या क्लायंटच्या ईडी (इमर्जन्सी विभाग) चार्टना निदानाचे आयसीडी-१० कोड लावतो. पापणीत काटा घुसलेला पेशंट. मी एस०१.१३१ए लावला, क्यूएने (काम तपासणाऱ्या टीमने) एरर मारून परत पाठवला. कारण काय, तर 'रिव्ह्यू गाइडलाइन्स'. बस, एवढंच. रिबटल (एररला लेखी उत्तर) आजच टाकायचंय. बरोबर कोड काय तेवढं सांगा. गूगल करा म्हणू नका, करून झालंय.

कोडनाथ
अहो, कोणता डोळा? काटा आत होता की नाही? डॉक्टरांनी लिहिलंय काय? पाचव्या जागी ३ म्हणजे फॉरेन बॉडीशिवाय (आत रुतलेली वस्तू नसलेलं) पंक्चर, ४ म्हणजे फॉरेन बॉडीसकट. सहाव्या जागी १ उजवी, २ डावी, ९ म्हणजे बाजू लिहिलेलीच नाही. तुम्ही या तिन्ही गोष्टी गृहीत धरून विचारताय.

चार्टग्रस्त
उजवी, म्हणून तर १ लावला. काटा पेशंटने घरीच उपटून काढला, म्हणून ३. यात न कळण्यासारखं काय आहे?

मायेची_सावली
पापणी चोळू देऊ नका, लगेच सुजते. थंड पाण्याची पट्टी ठेवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते बघा. काळजी घ्या.

चार्टग्रस्त
ताई, पेशंट मी नाही.

आडवा_ऑडिटर
पेशंट आधी कुठे दाखवून आला होता का? आला असेल तर सातवं कॅरेक्टर, म्हणजे कोडचं शेवटचं अक्षर, ए ऐवजी डी. मी वर्षानुवर्षं असंच करतो. पहिली भेट झाली की ए संपलं.

चार्टग्रस्त
हो, आदल्या दिवशी अर्जंट केअरमध्ये गेला होता, त्यांनी ईडीला पाठवलं. पण त्याचा इथे काय संबंध?

कोडनाथ
संबंध आहे, पण ऑडिटरसाहेब म्हणतात तसा नाही. ए म्हणजे पहिली भेट नव्हे, ए म्हणजे उपचार अजून चालू आहेत. ईडीतली भेट, त्याच किंवा दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून पुढे चालू ठेवलेले उपचार, हे सगळं ए मध्ये येतं, गाइडलाइनच्या जुन्या आवृत्त्यांत तशी उदाहरणंच होती. टाके काढायला, जखम भरतेय का बघायला आला, तर डी. ए च्या नावातल्या 'इनिशियल' या शब्दाने निम्मे कोडर फसतात.

आडवा_ऑडिटर
आमच्या क्लायंटला डी चालतं.

कोडनाथ
क्लायंटला चालणं वेगळं, बरोबर असणं वेगळं.

खोलात_शिरा
तुम्ही सगळे चुकताय. काटा खोल गेला म्हणजे ऑर्बिट. एस०५.४- लावा, पैसेही जास्त मिळतात.

नेत्रपल्लवी
मी नेत्रतज्ज्ञ आहे, कोडर नाही. पण पैसे जास्त मिळतात म्हणून निदान बदलायचं? एस०५ डोळा आणि खोबणीच्या जखमांसाठी आहे. माझ्या माहितीप्रमाणे एस०१ खाली तो एक्सक्लूड्स२ मध्ये येतो, म्हणजे दोन्ही जखमा खरंच असतील तर दोन्ही लागतील, एकाऐवजी दुसरा नाही.

आता डॉक्टर म्हणून सांगते. पापणीवरचं छिद्र टाचणीएवढं दिसतं आणि मागे डोळा फुटलेला असतो. म्हणून दृष्टी किती, बाहुलीचा आकार, डोळ्याला छिद्र आहे का, जखमेतून चरबी बाहेर आलीय का, हे लिहिलेलं हवं. चरबी दिसली तर जखम पापणीच्या पडद्यापलीकडे, खोबणीत गेली असं समजायचं. काटा असेल तर आणखी डोकेदुखी, कारण लाकडाचा तुकडा सीटीवर हवेसारखा काळा दिसतो आणि नजरेतून निसटतो. चार्टमध्ये यातलं काय आहे?

चार्टग्रस्त
बरं, घ्या. ट्रायाजची (आल्याआल्या तपासणारी) नर्स: 'उजवा डोळा, काटा लागला.' डॉक्टर: 'डावी वरची पापणी, पंक्चर, दृष्टी नॉर्मल, ग्लोब (डोळ्याचा गोळा) शाबूत.' खाली प्रोसिजर नोटमध्ये: 'काट्याचं रुतलेलं टोक फोर्सेप्सने काढलं.' ते प्रोसिजरचं, निदानात फक्त पंक्चर लिहिलंय.

कोडनाथ
अहो!! हे आधी सांगायचं होतं ना. टोक आत होतं, डॉक्टरांनी काढलं, म्हणजे फॉरेन बॉडीसकट. पाचव्या जागी ४. घरी अर्धा काटा उपटल्याने काही बदलत नाही. आणि बाजू नर्सची उजवी, डॉक्टरांची डावी? प्रोसिजरचा कोड काय लागलाय?

चार्टग्रस्त
प्रोसिजर दुसरी टीम बघते. ६७९३८, मॉडिफायर (प्रोसिजरच्या कोडला जोडलेली खूण) ई१.

कोडनाथ
ई१ म्हणजे डावी वरची. ई२ डावी खालची, ई३ उजवी वरची, ई४ उजवी खालची. निदान उजव्या पापणीचं, प्रोसिजर डाव्या पापणीवर, असा क्लेम जाणार होता तुमचा.

आडवा_ऑडिटर
मग सरळ डावी घ्या, डॉक्टरांचं लिहिलेलं चालतं. एस०१.१४२. यात एवढं काय?

कोडनाथ
डॉक्टरांनी बाजू लिहिलीच नसती, तर नर्सच्या नोंदीवरून घेता आली असती. इथे दोन नोंदी एकमेकींशी भांडतायत, अशा वेळी अटेंडिंगना (उपचार करणाऱ्या डॉक्टरांना) क्वेरी टाकायची असं गाइडलाइन सांगते. कोडरने ठरवायचं नाही. डॉक्टरांनी 'डावी' म्हटलं तर एस०१.१४२ए. क्वेरीत उत्तर सुचवू नका, दोन्ही नोंदी समोर ठेवा आणि 'कोणती बाजू' एवढंच विचारा.

नवखी_सीपीसी
इथे सगळे जाणकार दिसतायत म्हणून विचारते, सीपीसीच्या (कोडर प्रमाणपत्राच्या) परीक्षेला पुस्तकात खुणा केल्या तर चालतात का?

खोलात_शिरा
वेगळा धागा काढा. आणि काट्यासाठी डब्ल्यू६०.एक्सएक्सएक्सए कोणी लावणार आहे की नाही?

कोडनाथ
काट्याचाच कोड आहे तो. पण बाह्य कारणांचे कोड देशभर सक्तीचे नाहीत. क्लायंट किंवा राज्य मागत असेल तर लावा.

चार्टग्रस्त
क्वेरी टाकली, चार्ट होल्डवर. क्यूएशीही बोललो. त्यांनी एरर मारलाय तो बाजूवर नाही आणि काट्यावरही नाही. म्हणे सातवं कॅरेक्टर डी हवं होतं.

आडवा_ऑडिटर
म्हणालो होतो ना.

कोडनाथ
खऱ्या दोन चुका दिसल्या नाहीत आणि बरोबर होतं त्यावर एरर. रिबटल टाका, फक्त ए वर. सक्रिय उपचारांचा परिच्छेद आहे तसा चिकटवा.

नवखी_सीपीसी
खुणांचं सांगा ना कोणीतरी.