नेरुळ: पिल्लं अंगावर पितायत आणि मांजर पुन्हा माजावर. पावसाआधी नसबंदी करता येईल का?

मंडळी, मे संपत आलाय, त्यामुळे जरा घाईतच विचारते.

आम्ही नेरुळला सिडकोच्या जुन्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहतो. मीटररूममध्ये एक तिरंगी भाटी व्यालीय. चार पिल्लं, साधारण दीड महिन्याची. ती कुणाची पाळलेली नाही. करावे गावातून येणारी मासळीवाली मावशी बोंबील साफ करताना तिला डोकी टाकते, वरून मी दहीभात घालते, म्हणून ती आमच्या आवारात टिकून आहे. वाटी ठेवली की पायात घुटमळते, पाठीवर हात ठेवला की मात्र ओरबाडते.

आता अडचण अशी की तिचं ते लांबलचक ओरडणं परत सुरू झालंय. पुढचे पाय मुडपून, मागचा भाग वर करून, शेपूट बाजूला धरून फरशीवर घासत असते. फाटक्या कानाचा एक धिप्पाड बोकाही हजर झालाय आणि जिन्याखाली मूत मारून जातोय. त्या वासावरून सोसायटीच्या ग्रुपवर रोज रामायण. सेक्रेटरी काकांचं म्हणणं, सगळ्यांना गोणीत घाला आणि वाशीच्या एपीएमसी बाजारात सोडून या, तिकडे उंदीर चिकार. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, मेडिकलमधून गोळी आणून दुधातून द्यायची, पाळणा लांबतो.

गेल्या वर्षी ही ऐन जुलैत व्याली होती. मीटररूममध्ये ओल, डोळे चिकटलेली पिल्लं, त्यातलं एकच जगलं. ते परत बघायची माझी तयारी नाही.

पिल्लं पीत असताना मांजर खरंच माजावर येते का? आत्ता ऑपरेशन केलं तर दुधाचं काय? की पावसाळा उलटेपर्यंत थांबावं? आणि हात न लावू देणारी मांजर दवाखान्यात न्यायची कशी?

प्रतिसाद: गवतीचहा

मी पशुवैद्य आहे, तेव्हा मुद्द्याचं सांगतो. हो, येते. व्याल्यावर काही आठवड्यांतच येऊ शकते, दूध चालू असलं तरी. मांजरीचा माज दिवसाच्या लांबीशी बांधलेला असतो. थंड देशांत हिवाळ्यात दिवस आखडला की तो थांबतो. आपल्याकडे दिवस तेवढा लहान होतच नाही, वर पार्किंगमध्ये रात्रभर ट्यूबलाइट. म्हणून इथल्या भाट्या जवळजवळ बारमाही. शिवाय तिचं बीज बोक्याशी संग झाल्यावरच सुटतं, त्यामुळे संग वाया जाणं कमी. गर्भ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. आज राहिली तर जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या तोंडावर व्याणार, म्हणजे गेल्या वर्षीचाच प्रकार.

पावसाळा सरेपर्यंत थांबू नका. पिल्लं दीड महिन्याची आहेत, मऊ खाणं चाटायला लागली असतील तर आईचं ऑपरेशन करता येतं. दूध लगेच आटत नाही, सोडल्यावर ती पाजते. आचळं भरलेली असतील तर बरेच डॉक्टर पोटाऐवजी कुशीवर छेद घेतात. जखम आचळांपासून लांब राहते आणि मांजरीला न पकडताही दुरून दिसते. माजावर असताना रक्तस्राव थोडा जास्त होतो, म्हणून काहीजण आठवडाभर थांबायला सांगतात. पाळलेल्या मांजरीला ठीक आहे. ही तोवर गाभण राहील. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

काकूंची गोळी अजिबात नको. त्या हार्मोनच्या गोळ्या असतात, त्यांनी गर्भाशयात पू होतो, आचळांत गाठी येतात. मग ऑपरेशन टळत नाही, फक्त अवघड होतं.

प्रतिसाद: सुकटबोंबील

ताई, पकडायचं मी सांगते, आमच्या सानपाड्याच्या गल्लीत हेच करत असते.

हाताने धरायला जाऊ नका, एकदा फसलं की ती मीटररूम सोडून पिल्लं दुसरीकडे हलवेल. ट्रॅपचा पिंजरा लागतो, आत पाय पडला की दार पडतं. आधी काही दिवस दार बांधून ठेवा आणि तिचं जेवण त्यातच द्या. नेमक्या दिवशी आदल्या रात्रीपासून उपाशी, पहाटे पिंजऱ्याच्या टोकाला चिमूटभर भाजलेलं सुकट, बस. जास्त घातलंत तर पोट भरलेलं म्हणून भूल देणार नाहीत. दार पडलं रे पडलं की पिंजऱ्यावर जाड चादर टाका. काळोख झाला की गप्प होते. पिल्लांना मात्र उपाशी ठेवू नका, त्यांना त्या दिवशी वेगळं खाणं द्या. गाईचं दूध नको, जुलाब लागतात.

ऑपरेशननंतर खरी कसोटी पावसाची. टाका भिजता कामा नये. भूल उतरताना अंग गार पडतं, म्हणून पिंजरा फरशीवर न ठेवता पाटावर ठेवा, खाली जुनी सुती साडी. कोरडी खोली किंवा न वापरातलं बाथरूम असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस आत ठेवा. आणि सफाईवाल्या दादांना सांगून ठेवा, तिथे फिनेल टाकायचं नाही. अंगाला लागलेलं ती चाटते आणि मांजरीला ते विष आहे. पावसात पिसवा वाढल्या की लोक कुत्र्याचं औषध मांजरीच्या मानेवर ओततात, त्यातल्या पर्मेथ्रिननेही मांजरं मरतात.

भूल असतानाच कानाचं टोक छाटून घ्या, नसबंदी झाल्याची ती खूण. पुढच्या वेळी कुणी तिला उगाच पकडणार नाही. आणि पिल्लं दोन महिन्यांची झाली की लस आधी, दत्तक नंतर. पाच महिन्यांची झाली की त्यांचंही ऑपरेशन. सख्खी भावंडं आपसात लागतात, त्यांना नातं कळत नाही.

प्रतिसाद: पामबीच

सेक्रेटरी काकांना गोड शब्दांत ऐकवा. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत कुत्र्यांसोबत मांजरंही आहेत, नसबंदीनंतर जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. जनावर उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही ऐकले नाहीत तर व्यवहाराचं बोला: ही जागा रिकामी केली की बोंबलांच्या डोक्यांवर दुसरी भाटी येणार, ती परत विणणार. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. खाजगीत परवडत नसेल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटललाही विचारा. मात्र हार्बर लोकलच्या गर्दीत पिंजरा घेऊन जाऊ नका, टॅक्सी करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काकांना नियम वाचून दाखवला. गोणीचा विषय बंद, पण 'सोसायटी एक पैसा देणार नाही' हे लगोलग आलं. तीन घरं वर्गणी काढतोय. आमच्या बंद बाल्कनीत जागा आहे, तिला तिथेच ठेवेन.

एकच शंका उरली. पैसे सध्या एकाच ऑपरेशनपुरते जमलेत. वास बोक्याचा, त्यामुळे वर्गणीवाले म्हणतात आधी त्याचं उरका. काय करू?

प्रतिसाद: गवतीचहा

आधी भाटी. बोक्याच्या ऑपरेशननंतरही काही आठवडे तो पिल्लं देऊ शकतो. आणि हा गप्प झाला तरी शेजारच्या सेक्टरमधून दुसरा येणारच. त्याचं मागाहून करा, मूत मारणं आणि मारामाऱ्या बऱ्याच कमी होतात, वर्गणीवाल्यांना तेवढं सांगा.

प्रतिसाद: सुकटबोंबील

पिंजरा माझ्याकडे आहे, शनिवारी मोकळा होतोय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.